आतून हाक आली तरच

३ जून, लातूर
आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण हवेशीर. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दिसतात. घरमालक ईश्वरप्पा खाली राहतात. नळाला पाणी आलं की जिन्यातून अशी आरोळी ठोकतात की मेलेलं माणूसही उठून बसेल. उद्यापासून नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचं. दुपारचे तास घरूनच, लाइव्ह. त्यासाठी क्लासनं नवा राउटर दिलाय.

आई कंधारला एकटी. डोळ्यांनी अधू, मोबाईल जमत नाही, म्हणून तिच्या खाटेजवळ एका बटणाचा बोलका डबा बसवलाय. त्याचा जोडीदार इथं माझ्या टेबलावर. तिनं बटण दाबलं की इंटरनेटवरून आवाज थेट इकडं, उचलायबिचलायची भानगड नाही. शेजारच्या सुमनबाई सकाळ-संध्याकाळ तिच्याकडं बघतात. आज डबा जोडल्या जोडल्या आईनं पहिलं काय विचारलं, तर जेवलीस का गं माय? जेवले नव्हते, हो म्हटलं.

९ जून
आईला बटणाचा नादच लागलाय. दूध उतू गेलं का, कडी लावली का, नळ आला का. आज हृदयाच्या झडपा शिकवत होते. झडप एकाच बाजूला उघडते, असं म्हणतेय तोच डबा बोलला, "पुने, पोट साफ झालं का गं?" अख्ख्या वर्गानं ऐकलं. मुलांनी हसरी तोंडं पाठवून पडदा भरून टाकला. मलाही हसू आलं, क्लासच्या सरांना मात्र आलं नाही. पुन्हा असं झालं तर दुपारचे तास दुसऱ्याला देईन म्हणाले.

१० जून
उपाय सापडला. आल्या दिवशी राउटरमध्ये मीच पोर्ट फॉरवर्डिंग लावलं होतं, म्हणजे डब्यासाठीचं दार सताड उघडं, बाहेरून आईनं कधीही यावं. ते काढलं आणि पोर्ट ट्रिगरिंग लावलं. यात दार एरवी बंद. आतून, म्हणजे माझ्या डब्यानं, आधी हाक दिली तरच राउटर ते उघडतो आणि बोलणं थांबलं की थोड्या वेळानं आपणच लावून घेतो. डब्याचा दिवा हिरवा म्हणजे दार उघडं.

आईला सांगितलं, डब्यात बिघाड झालाय, मी लावला तरच लागेल. ती म्हणाली, "बरं माय. तू हाक मार, मंग मी येते." जरा वाईट वाटलं. पण दुपार किती शांत गेली!

२१ जून
सुमनबाई माहूरला चालल्यात, देवीला. त्यांनी फोन करून बजावलं, मी येईस्तोवर रोज एकदा तरी बोला आईशी. हो म्हटलं. आज चाचणीचे पेपर तपासायचे होते, मग गंजगोलाईत खरेदीला गेले. राहूनच गेलं. उद्या बोलेन.

२४ जून, कंधार
आई गेली.

मोरीत पाय घसरला. तिथून सरपटत खाटेपर्यंत आली होती. सुमनबाई परतल्या तेव्हा तिचा अंगठा बटणावर होता. सोडवावा लागला.

सुमनबाई ऊर बडवून रडतायत, म्या गेलेच कशाला म्हणून. जो तो विचारतोय, डबा कसा काय लागला नाही? बिघडला होता, असं मी सांगितलं. सुमनबाईंच्या देखत सांगितलं. त्या तशाच रडत राहिल्या आणि मी पाणी प्यायला आत गेले.

८ जुलै, लातूर
तेरावा करून आले. आईच्या डब्याची वायर काढून तो कंधारच्या कपाटात कुलपात ठेवलाय.

आज भरदुपारी माझ्या डब्याचा दिवा हिरवा झाला. आतून हाक गेल्याशिवाय होत नाही. मी हात लावला नव्हता. आणि आत मी एकटीच आहे.

९ जुलै
मुलं विचारतायत, मॅडम, तुमच्या मागं कोण बोलतंय? रेकॉर्डिंग लावून ऐकलं. मी झडपा शिकवतेय, आणि त्याच वेळी मागून, हळूच — आई, ये गं.

आवाज माझाच आहे.

त्यानंतर डब्यातून — "आले माय."

१० जुलै
राउटरमधला ट्रिगरिंगचा नियम पुसला. राउटर बंद केला. डब्याची वायर उपटली. दिवा हिरवाच —

सुमनबाईंना फोन लावला, खरं काय ते सांगून टाकावं म्हणून. त्याच आधी रडल्या. माझ्यापायी गेली तुमची माय, म्हणाल्या. खरं न सांगताच ठेवला फोन. लाज वाटते माझीच मला —

११ जुलै
दुपार. तोंडात ओढणी कोंबून बसलेय. तरी मागून माझा आवाज — आई, आई —

जिन्यात कोणीतरी. ईश्वरप्पा नाहीत, गावी गेलेत. सरपटत — थांबत, धाप टाकत —

दाराशी आली. कडी लावली होती मी. ती उघडलीय —

आत येत नाही. उंबऱ्याशीच. रागावलेली नाही, त्याचीच भीती वाटते —

जेवलीस का गं माय, विचारते.

डबा नीट झाला का, विचारते.

तिला अजून तेच वाटतंय. आई, डबा बिघडलाच नव्हता. मी