वीसपैकी वीस

पळसदरी,
७ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहल,
सप्रेम जय भीम.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं, म्हणून हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या हाती देते आहे. तुझ्या लेकीला, मित्राला, दीड वर्षाचं इंजेक्शन दिलं. तू कंपनीत ड्यूटीवर, आठवड्याचे पाच दिवस ती माझ्याकडे, म्हणून आरोग्य केंद्रातही मीच नेलं. तिथल्या जया सिस्टरनं वीस प्रश्नांचा कागद दिला. मूल हाकेला बघतं का, बोटानं दाखवतं का, असलं. स्वमग्नता लवकर ओळखावी म्हणून सगळ्यांकडूनच भरून घेतात. घाई नाय, घरी बघून भरा, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, एकतीस वर्षं पेपर तपासलेत, मला वेळ लागत नाही. वीसच्या वीस बरोबर आले. तेव्हा पोर हाकेला बघत नाही ही तुझी कुरकुर आता बंद कर आणि नवऱ्याला सांग, पोरीच्या हातात मोबाइल देऊ नको.

प्रकृतीला जप, उत्तर लिही.
तुझी आत्या,
दर्शना

मोहोपाडा,
१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

वीसपैकी वीस ऐकून मिलिंदनं पेढे आणले. म्हणतो, आत्याबाईंनी स्वतःच्या भाचीला कधी एवढे मार्क दिले नव्हते.

काल मी दारातून चार वेळा हाक मारली, मित्रानं मान वळवली नाही. डब्याचं झाकण फिरवत बसली होती. महिनाभर हे दिसतंय, म्हणून खोपोलीत मुलांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. तो आज रद्द केला. तुझ्या हाकेला ती बघत असेल, तर माझंच काही चुकतंय. नोकरी करणाऱ्या आईला पोर ओळखत नाही का गं?

माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
स्नेहल

पळसदरी,
२१ फेब्रुवारी

चि. स्नेहल,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी रागावले. मग ‘आईला पोर ओळखत नाही का’ ही ओळ पुन्हा वाचली आणि वही घेऊन मित्रासमोर बसले. पहिल्या दिवशी बारा हाका मारल्या, एकदाच वळली. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेते, बोट एकदाही केलं नाही. हात धरून नेणं म्हणजेच ‘दाखवते’ असं मी धरलं होतं. काही प्रश्नांचं तर मला ठाऊकच नव्हतं, तरी ‘हो’ लिहिलं. बाकावरच्या बायका बघत होत्या आणि आपली पोर नापास झालेली मला सोसली नसती. माझ्या शाळेत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ऑफिसात बोलावून झाडलं असतं.

काल जाऊन नवा कागद भरला. आठ उत्तरं बदलली. जया सिस्टर ओरडली नाही, तेच जास्त लागलं. नुसत्या कागदावरून काही ठरत नाही, डॉक्टर तपासून सांगतील, पण वेळ घालवू नका, असं म्हणाली. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातली ४ मार्च तारीख मिळाली आहे. दोघांनी रजा काढा. तुझं चुकत नव्हतं. माझं चुकलं.

दर्शना

मोहोपाडा,
२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
जय भीम.

शनिवार-रविवार तुला फोन केला नाही, तो मुद्दाम. दोन आठवडे मी स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडत होते, तेही तुझ्या शब्दावर.

रजा मिळाली, मिलिंदलाही. तो काल दिवसभर मित्राला हाका मारत होता. संध्याकाळी एकदा तिनं बघितलं, तर हाच रडायला लागला.

तूही अलिबागला यायचंस. दिवसभर ती काय करते, काय नाही, ते तुझ्याच वहीत आहे. फक्त डॉक्टर विचारतील तेव्हा आधी मला बोलू दे. मला ठाऊक नसेल तर मी तसं म्हणेन, मग तू सांग. आणि तुलाही ठाऊक नसेल, तर तूही तसंच म्हण.

राग आहे तसा लोभही आहे, दोन्ही घेऊन येते.
स्नेहल