लाकडी जमिनीवरची हाक

बाबा, भोईवाड्यातल्या आपल्या खोलीची जमीन लाकडी होती. मला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून हाक मारायची झाली की तुम्ही टाच आपटायचात. दोनदा. फळ्यांतून ती माझ्या तळपायांत यायची. मी एकदा आपटायचे. म्हणजे, आले. एकदा खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकी भाताचं पातेलं घेऊन वर आल्या. "भाऊ, नाचतास काय वर? माझ्या भातात माती पडता." तुम्ही म्हणालात, "पोरीला हाक मारतोय, वहिनी." काकी माझ्या पायांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या स्टोव्हच्या वर, छताखाली, एक जुनं लुगडं ताणून बांधलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी चाळीच्या टोकाला नळावर आहे. तिथे जमीन दगडी. काकी धावत येतात, माझा दंड धरतात आणि मला वाचता यावं म्हणून ओठ सावकाश हलवतात. "दोनदा वाजला. परत दोनदा. तुझा उत्तर काय इला नाय, म्हणान वर इलंय." मी खोलीत पोचते तेव्हा तुम्ही खाटेवर आहात. एक पाय खाली लोंबतो आहे. टाच फळीला टेकलेली.

चाळ पाडून तिथेच टॉवर झाला. माझं घर बरंच वर आहे. खाली काँक्रीट, त्यावर गुळगुळीत लादी. पावलांना काही कळत नाही. गेल्या हिवाळ्यात मेथी निवडताना खिडकीतून पाहिलं तर सगळी बिल्डिंग खाली उभी. मला वाटलं, कोणीतरी गेलं. आगीच्या भोंग्याची तालीम होती. वर मी एकटी.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी भोंग्याबरोबर लागणारा दिवा मागितला. सेक्रेटरी म्हणाले, शेजारी आहेत की, उठवतील. मी म्हटलं, तालमीला शेजारीही खालीच होते. मग कुणीतरी म्हणालं, एका घरासाठी एवढं वायरिंग? मला ते लुगडं आठवलं, पण ते या लोकांना कसं सांगायचं. "खरी आग लागली तर मी वरच राहीन," एवढंच म्हटलं. माझा आवाज कसा आला कोण जाणे. सगळे खाली बघायला लागले. मंजुरीला तरी आणखी दोन मीटिंगा गेल्या.

परवा दिवा बसला. सेक्रेटरी खाली बटणापाशी, वायरमन माझ्या खोलीत, मी पलंगावर अनवाणी. मी उठून उभी राहिले. मग दिवा लागला. वायरमनने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "आधीच उठलात?" मी म्हटलं, दिवा छान दिसतो.

बाबा, दिव्याच्या आधी लादीखालून दोनदा आलं. काल पुन्हा आलं. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हिला कळतं की, म्हणून दिवा काढून नेतील. आणि मी अजून टाच आपटलेली नाही.