नव्या माणसासाठी राखलेली चूक

प्रिय मुकुल,

साताऱ्याच्या घराचा पत्ता अजून तोच आहे ना? तू बायको-मुलीसह बेंगळुरूहून परत आलास, एवढं आपल्या प्रकल्पातल्या अबोलीकडून कळलं. पत्र घरात दुसऱ्या कुणी उघडलं तरी माझी हरकत नाही. प्रकल्पातलं सगळं बोलणं चारचौघांसमोर व्हायचं, हा तूच घातलेला नियम. पण हे चारचौघांसमोर लिहिवत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर पार बिघडलंय, समजून घे.

आपली 'पाणीवाट' वेबसाइट चालू आहे. जतकडच्या गावांना टँकर कधी येणार हे अजूनही तिच्यावरच कळतं. पहिल्या उन्हाळ्यात आपण बनाबाईंच्या दारात बसून ती चालवून दाखवली होती, आठवतं? तू त्यांना रंगात येऊन समजावत होतास, की मावशी, हा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही उघडून बघावा, सुधारावा, फुकट वापरावा. बनाबाईंनी घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "लेका, टँकर कवा यील तेवढं सांग. बाकीचं ऱ्हाऊ दे." तुझा चेहरा असा पडला की सांगलीला पोचेपर्यंत मी हसत होते. त्यानंतर काहीही नवीन तपासून बघायचं झालं की आपण दोघं गंमत म्हणून एकच नोंद टाकायचो, 'बनाबाई, दोन घागरी', आणि काम झालं की पुसून टाकायचो. बाकी कुणाला हे माहीत नव्हतं.

आणि तुझी ती रीत! कोडमध्ये सोपी चूक दिसली की आपण तिला हात लावायचा नाही, ती नव्या माणसासाठी राखून ठेवायची. पाहुणा यायचा असला की आई पोळी झाकून ठेवते, तशी. नवा माणूस बिचकत येतो, पहिल्याच दिवशी त्याच्या हातून काहीतरी दुरुस्त झालं की तो आपला होतो, असं तू म्हणायचास. त्यापायी नकाशावरचा टँकर कितीतरी दिवस चाकं वर करून धावत होता. गावातली पोरं विचारायची, "गाडी पलटी झाली काय रं?" तरी तू कुणाला हात लावू दिला नाहीस. शेवटी वडूजची रेश्मा आली आणि तिनं तो सरळ केला. तिला तू लिहिलेली ओळ मी आजही प्रत्येकाला पाठवते: 'आलात, बरं झालं. चुकलात तरी चालेल, आम्हीही चुकतो.'

किती माणसं आली, शिकली, नोकऱ्यांना लागली आणि गेली. त्यांचं मला काही वाटलं नाही. तू गेलास त्याचं वाटलं. बेंगळुरूला चल म्हणालास, मी म्हणाले उन्हाळा संपू दे. पुढचा उन्हाळा तसाच आला, त्याच्या पुढचाही. मग तुझ्या लग्नाची पत्रिका आली. मी आईसमोर ती वाचली आणि म्हणाले, बरं झालं.

दिवाळीनंतर आष्ट्याहून जोतीराम नावाच्या कुणाचा मेसेज आला. मला मदत करायची आहे, पण मी अगदी नवखा आहे, असं त्यात होतं. मी नेहमीची ओळ पाठवली आणि राखलेली चूक त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती नीट दुरुस्त केली, दोनदा आभार मानले. मग रोजच काही ना काही यायला लागलं. कामाचं विचारून झालं की तो शेवटी विचारायचा, जेवलात का? मुकुल, मी कॉलेजात शिकवून घरी आले की पायावर पाणी घेण्याआधी त्याचा मेसेज बघायला लागले होते. एकदा आई पोळ्या लाटत असताना तिला म्हणालेसुद्धा, फार चांगला माणूस मिळालाय. आई लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. असं वाक्य तिनं माझ्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं होतं.

मी एकटीनं ओढून ओढून थकले होते. यंदा उन्हाळ्याआधी 'पाणीवाटे'च्या निम्म्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि अधिकार, जोतीरामच्या हाती द्यायच्या, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी परवा त्याचं नवं काम तपासायला घेतलं. आत, पुसायची राहून गेलेली एक नोंद होती. 'बनाबाई, दोन घागरी.' विसरलास, की मुद्दाम ठेवलीस?

मी लॅपटॉप मिटला आणि आई शेजारी असताना मोठ्यानं रडले. राग तुझा कमी आला, माझाच जास्त. सगळ्या जगाला दार उघडं ठेवलं, कुणीही या म्हटलं, आणि जीव जडला तो पुन्हा तुझ्यावरच. तू कशाला आलास हे मी विचारणार नाही. कदाचित फक्त कामाची आठवण आली असेल. माझं तसं नाही रे. तू रोज जेवलात का विचारणार आणि मी रोज वाट बघणार, हे तुझ्या लेकीच्या आईला मी कसं सांगू?

म्हणून हे पत्र. निम्म्या नाही, सगळ्या किल्ल्या आजपासून तुझ्या. मी बाहेर पडतेय. एका घरात आपण दोघं मावणार नाही, आणि बनाबाईंना पाणी तर मिळालंच पाहिजे. तेवढं जोतीराम पुसून तुझं खरं नाव लिही. एक सोपी चूक मी राखून ठेवलीय, तिला तू हात लावू नकोस. उद्या एखादी नवखी बाई बिचकत आली, तर ती मी आहे का म्हणून तिच्या नोंदी चाळत बसू नकोस. ती मी नसेन. तरी तिला म्हण, आलात, बरं झालं.

अजूनही, काय करू, तुझीच
भार्गवी