माझ्या मापाचा तंबू

सौम्या,

तंबू शिवून झाला. कॉटखाली ठेवलाय. वरून दोरी ओवायला परकराला असतो तसा नेफा घातलाय. दोन झाडांना बांधलास की उभा राहील.

मी गणवेशांचा गठ्ठा द्यायला चाललेय. अज्जा आत आहेत. कडी बाहेरून लावलीय, तिच्यातच ही चिठ्ठी खोचतेय. तू आत गेलीस की लगेच आतून लाव, नाहीतर ते मिलकडे निघतील. मिल कधीच बंद पडली म्हटलं तर म्हणतात, "मग भोंगा कुणाचा वाजतोय, तुझ्या बापाचा?"

(शर्टाच्या पाठीच्या कटिंगचा कागद भरला. पुढचं बाहीच्या कागदावर.)

एक चूक झाली. माप घ्यायला तू घरात नव्हतीस. मीच फरशीवर आडवी झाले आणि डोक्यापाशी, पायापाशी खडूने खूण केली. तू माझ्याहून वीतभर उंच आहेस, हे शिवून झाल्यावर आठवलं.

खरं तर कापतानाच आठवलं होतं.

काल तो खिडकीच्या गजांना बांधून आत पडून पाहिलं. अज्जांनी चार हाका मारल्या. पाचव्या हाकेला मी ओ दिली.

(कॉलरचा कागद. एवढाच उरलाय.)

तुझ्या पायांसाठी वीतभर पट्टी जोडलीय. तुझ्या शिबिराचे चार दिवस निघतील. टाके मुद्दाम मोठे घातलेत. तू परत आलीस की पट्टी उसवून टाकेन.

मग चार दिवस कडी तू सांभाळशील का?

आई