भोंग्यावरचा आवाज

३ मार्च

चि. नळशेट यास,
अ. उ. आ.

तुला खासदारकीचे तिकीट मिळाल्याचे बेकरीवाला दुकानात सांगत आला आणि माझ्या हातून गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही तिरकी कापली गेली. नुकसान तुझ्या नावावर मांडले आहे.

गल्ली खूश आहे, पण थोडी धास्तावलीही आहे. इतकी वर्षे नगरसेवक म्हणून नळाला पाणी कधी येणार, नदी किती चढली, हे तू स्वतः गाडीत बसून भोंग्यावर सांगत आलास. पुराच्या वर्षी तू निघा म्हणालास आणि माणसे चुलीवरचे दूध तसेच टाकून निघाली, म्हणून वाचली. आता खासदार झाल्यावर आम्हाला कोण उठवणार, असे न्हावी विचारतो. आईला माझे बोलणे ऐकू येत नाही, तुझा भोंगा मात्र बरोबर ऐकू येतो. लाडका मुलगा म्हटल्यावर कानही फितूर होतात.

तुझ्या पक्षाचे दोघे परवा येऊन गेले. चहा घेतला, आईची चौकशी केली, मग गच्चीवर जाऊन बराच वेळ नदीकाठ बघत राहिले. मते गल्लीत असतात, नदीत नसतात. मनात पाल चुकचुकली, एवढेच.

फोन तुझा सहायक उचलतो आणि मला 'मॅडम' म्हणतो, म्हणून हे पत्र. वेळेवर जेव. माया आहेच, ती तुझ्याकडूनही असू दे.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

बाहीचे नुकसान मान्य. मला इथे हॉटेलात ठेवले आहे. खोली मोठी आहे, पण खिडक्या उघडत नाहीत. पक्षाचे साहेब रोज बोलावून घेतात आणि माझ्यासारखी लोकांतली माणसेच पक्षाला हवीत असे म्हणतात. पालिकेत ज्याला पाच मिनिटे बोलायला भांडावे लागे, त्याचे ते तासभर ऐकतात. खोटे कशाला बोलू, बरे वाटते.

काल एक गंमत झाली. एका बंद खोलीत बसवून माझा आवाज भरून घेतला. मी तुमचा नगरसेवक बोलतोय, घरे सोडा, सगळ्यांनी मैदानावर या, एवढेच. बोलण्याआधी मी घसा खाकरतो तसा खाकरायलाही लावले. प्रचारसभेसाठी लागेल म्हणाले. गच्चीचे मनावर घेऊ नकोस.

आईला सांभाळ. तुझा राग आणि लोभ दोन्ही पोचत राहोत.

तुझा भाऊ


१९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. नदीकाठच्या नव्या रस्त्याची मोजणी करून गेले. माझ्या दुकानाच्या भिंतीवर, बेकरीवर, न्हाव्याच्या दारावर लाल रेघ ओढली आहे. हाच रस्ता तू पालिकेत तीनदा हाणून पाडलास. लोक घाबरलेले नाहीत, तू आहेस म्हणून निवांत आहेत. मीच काय ती घाबरले आहे. सभेला या म्हणताना घरे सोडा कशाला म्हणायला लावतात?

घरे पाडणार आहेत का? हो किंवा नाही, एवढेच लिही. आडवळण नको, मी तुला लंगोटात पाहिले आहे.

ताई


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

हो.

तिकीट याच अटीवर मिळाले. मला ते उशिरा सांगितले, तोवर दगडाखाली हात सापडला होता. रविवारी सकाळी गाडी येईल, माझा आवाज लागेल, धरणाचे पाणी सोडले, नदी चढली समजून लोक मैदानावर जातील. मागे गल्ली रिकामी असेल. झटापट नाही, कुणाला ओरखडाही नाही, असे मी साहेबांकडून कबूल करून घेतले आहे. निवडून आलो की सगळ्यांना सरकारकडून घरे मिळवून देईन. एका गल्लीसाठी एवढी संधी सोडायची का, तूच सांग.

तू आणि आई शनिवारीच इकडे या. गल्लीत बोलू नकोस. मला समजून घे.

तुझा भाऊ


रविवार

चि. भाऊस,

तुझे पत्र घेऊन मी घरोघर फिरले. बेकरीवाला म्हणाला की हे अक्षर तुझे असूच शकत नाही. न्हाव्याने मला बसवून पाणी दिले आणि भाऊ मोठा झाला की बहिणीला असे होते, म्हणून समजूत घातली. तू इतकी वर्षे इतके चांगले काम केलेस की तुझ्याविरुद्ध तुझ्याच पत्रावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आता गाडी आली. तू खाकरलास आणि दारे धडाधड उघडली. माणसे पोरांना काखोटीला मारून पळाली. मी आईचा दंड धरून कानात ओरडले, तुझे पत्र पुन्हा दाखवले. ती म्हणाली की कागदावर कुणीही काहीही लिहील, आवाज माझ्या पोराचा आहे. हात सोडवून घेतला आणि चप्पल न घालताच गेली.

कोपऱ्यावर घरे पाडायची यंत्रे उभी आहेत. चालक खाली उतरून हसतखेळत बसले आहेत, कारण आत कुणी नाही असे तू त्यांना सांगितले आहेस. हे पत्र समोरच्या टपालपेटीत टाकते, परत येते आणि दुकानाचे दार आतून लावून घेते.

लोभ होता, आहे. राहील की नाही, ते आता तुझ्या हातात.

ताई