डावीकडे ओढते

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

गाडी डावीकडे ओढते. लिहून टाकलं, म्हणजे आता ते खरं.

एकतीस वर्षं एसटी चालवली. ड्यूटी संपली की गाडीची तक्रार कागदावर लिहायची, ही सवय. मी रिटायर झालो, सवय नाही. आता गाडी एकच, माझी पांढरी पद्मिनी, एक्क्याऐंशी सालची. तक्रारही मीच लिहायची, उपायही मीच शोधायचा.

थळच्या रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल सोडलं की ही निघाली गटाराकडे, पाणी दिसलेल्या म्हशीसारखी. पोराला, प्रथमेशला, फोनवर सांगितलं. पनवेलला बसून म्हणतो, "बाबा, गाडी नाही ओढत. तुम्ही ओढता." आणि हसला. मीही हसलो. फोन ठेवल्यावर नाही आलं हसू.

गणपतीपासून तो चावी मागतोय. अडुसष्ट झालात, पुरे आता, विकू. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय — नवरदेव मिरवायला जुनी गाडी हवी म्हणे! माझ्या गाडीच्या टपावर झेंडूच्या माळा!

तर हिशेब सोपा. दोष गाडीत निघाला तर गाडी राहील. माझ्यात निघाला तर गेली. म्हणून तो गाडीतच निघाला पाहिजे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हवा तपासली. सगळीकडे बरोबर. मग पुढची दोन्ही चाकं काढून अदलाबदल केली. दोष टायरचा असता तर गाडी आता उजवीकडे ओढली असती. नाही. डावीकडेच. कंबर मात्र दोन्हीकडे ओढतेय.

गोदूने तेल चोळून दिलं. "विका ते धूड" म्हणाली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असं होत नाही. काहीतरी शिजतंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ब्रेकवर संशय. किहीमपर्यंत जाऊन आलो, उतरून दोन्ही पुढच्या ड्रमना हात लावला. डावा ब्रेक धरत असता तर डावा तापला असता. दोन्ही सारखेच कोमट.

सीट परत पुढे सरकलेली! गुडघे स्टेअरिंगला लागतात. खटका झिजला असणार. तक्रार नंबर दोन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज डोकं चाललं. रस्ता मधे उंच असतो, पाणी जावं म्हणून. डाव्या कडेने चाललेली कुठलीही गाडी थोडी डावीकडे घसरणारच. मग रस्त्याच्या उजव्या कडेने चालवली तर? उतार उजवीकडे. दोष रस्त्याचा असेल तर गाडी उजवीकडे जाईल.

साडेसहाला रेवसच्या रस्त्याला लागलो. चिटपाखरू नाही. अर्धा किलोमीटर चुकीच्या बाजूने चालवली, बिनधास्त. एकतीस वर्षांत एक शेरा नाही माझ्या नावावर. मजा आली, खोटं कशाला सांगू.

आणि गाडी गेली डावीकडेच. चढ चढून! म्हणजे दोष गाडीतच. मी खुशीत शीळ घातली आणि समोर मासळीचा टेंपो. टेंपोत आमची मासळीवाली कमळ, टोपली मांडीवर.

"मामा, ह्यो काय परकार?"

"टेस्टिंग," मी म्हणालो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कमळने बांगड्यांबरोबर मलाही घरोघर वाटलं. दुपारच्या आत बातमी पनवेलला. प्रथमेश या खेपेला हसला नाही. "सोळाला, रविवारी येतो. तुमच्या शेजारी बसून बघतो. नीट चालवलीत तर राहू द्या. नाहीतर चावी घेऊन जाणार."

गोदू वाल सोलत होती. ऐकून गालात हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

सोमवार, १० नोव्हेंबर

अलिबागला गेलो, कम्प्युटरवर अलाइनमेंट. चाकांना चिमटे लावले. दुकानदार बराच वेळ यादी वरखाली करत होता. "काका, तुमची गाडी यादीतच नाही. हिच्या मापाची दुसरी टाकू?"

टाकली. पडद्यावर सगळं हिरवंगार. "एकदम परफेक्ट, काका."

परफेक्ट गाडी परतताना पुलाच्या कठड्याला भेटायला निघाली होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शेवटी थळच्या सदाला बोलावलं. होड्यांची इंजिनं आणि म्हाताऱ्या गाड्या, दोन्ही बघतो. हत्यार काय आणलं? तंगूस. मासे पकडायची नायलॉनची दोरी!

"सपाट जागा पायजे, मामा."

सपाट जागा म्हणजे आमचं खळं. भात झोडायला परवाच सारवलेलं. त्यावर चप्पल घालून गेलो तर गोदू आठवडाभर बोलत नाही. आणि आज म्हणते, "घाला गाडी. मी परत सारवीन." मी दोनदा विचारून घेतलं.

सदाने उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत तंगूस ताणली आणि गाठ मारली. तीच दोरी डावीकडे लावली. सैल पडली.

"येक बोट कमी हाय. ह्यो चाक मागं सरकलाय. मार बसलाय गाडीला."

मार? माझ्या गाडीला? मी चिडलोच. सदा शांतपणे उजव्या चाकाशी बसला. "ह्यो चाक आधी डावीकडं व्हता ना? मग ह्यो निळा रंग कुठला?"

रिंगच्या कडेला बोटभर निळा ओरखडा. चाक मी स्वतः काढलं, स्वतः लावलं. मला दिसला नाही.

निळा कठडा गावात एकच, आमच्या विहिरीचा.

गोदू चहा घेऊन आली. चहात साखर नाही. सदाला तीन चमचे लागतात, पण तसाच पिऊन टाकला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

विहीर बघून आलो. कठड्याचा टवका उडालाय. मी कधी धडकवली? आठवत नाही. अजिबात आठवत नाही. भीती वाटते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सदाने कुठल्यातरी मोडीत निघालेल्या पद्मिनीचा आर्म, म्हणजे चाक जागेवर धरणारा दांडा, आणला आणि डावीकडे बसवला. गाठ आता दोन्हीकडे बरोबर येते. चालवून बघितली. स्टेअरिंग सोडलं, गाडी सुतासारखी सरळ. मला नाचावंसं वाटलं, पण विहीर डोक्यातून जात नाही.

सदाला म्हणालो, विहिरीचं कुणाला बोलू नको.

"न्हाय सांगत, मामा. मी कुनाचाच काय सांगत न्हाय."

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रथमेश शेजारी बसला. रेवसच्या सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून मांडीवर ठेवले. गाडी हलली नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "ठीक आहे, बाबा. मान्य." जिंकलो!

परतताना वळणावर तो ओरडला. ब्रेक दाबला तो त्याच्या आवाजामुळे. डावीकडे सायकलवर बाई होती, केरियरवर गवताचा भारा. हातभर अंतर राहिलं. मला दिसलीच नव्हती. भाराही दिसला नव्हता.

डाव्या डोळ्याला धूर धूर दिसतो. आजचं नाही, वर्ष होऊन गेलं. गाडीचा खिळा न् खिळा लिहिला या वहीत, ही तक्रार नाही लिहिली.

घरी आलो. चावी मीच काढून टेबलावर ठेवली. प्रथमेशने उचलली नाही. गोदूने उचलली आणि पदराला बांधली. दोघांपैकी कुणाकडे बघवलं नाही मला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळची शेताची फेरी अर्ध्यावर सोडून परतलो. अंगणात गाडी नाही. गेली, वाटलं.

मग हॉर्न. गाडी आली, सरळ. काचेवर लाल एल. शेजारी सदा, स्टेअरिंगवर गोदू. सीट पार पुढे.

"ती विहिरीची धडक माझी," म्हणाली. "तुमचा डोळा मला कवाच कळला. गाडी जाऊ द्यायची न्हवती. तुम्ही शेतावर गेलात की मी सदाकडं शिकाया जायची. आता सदाला कामं हायेत. शिकणाऱ्याच्या बाजूला लायसनवाला मानूस लागतो. बसा."

बसलो. डावीकडे.

आजची तक्रार: काही नाही. गिअर उशिरा टाकते, पण ते मी लिहिणार नाही.