बावखलात ओतलेलं दूध

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. ज्यांनी मला खाली बसवावं अशी माणसं आता उरली नाहीत, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. वटारच्या शाळेत चौथीत तुम्ही मला भाषण करायला शिकवलंत आणि त्यावर मी जन्म काढला. वसईपासून विरारपर्यंत असं मैदान नसेल, जिथे मी महासत्तांवर कडाडलो नाही. टाळ्या अजून पडतात.

आधी ते दूध. तेव्हा व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत होते आणि आपल्या शाळेत अमेरिकेची दूध पावडर यायची. मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात ती कालवायची, गुठळ्या तशाच राहायच्या. आमच्या वह्यांना कव्हरं मात्र रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची. दोघांनाही आम्ही हवे होतो, एकाला पोटातून, दुसऱ्याला डोळ्यांतून. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाकावर चढलो आणि काकांकडून ऐकलेलं सगळं ठोकून दिलं. हे दूध नाही, रक्त आहे, ओता! शाळेमागच्या बावखलात, त्या शेवाळलेल्या तळ्यात, अख्ख्या वर्गाने पेले रिकामे केले. राजोडीहून येणारी कोळ्यांची एक मुलगी तेवढी पेला छातीशी धरून उभी होती.

"मी नाय ओतनार. घरी धाकटीला न्यायचाय."

"अमेरिकेची चमची!" मी ओरडलो. पोरं फिदीफिदी हसली. तिने ओतलं.

तुम्ही आलात, आणि तुमचा आवाज चढला नाही. "पुढारी, खाली उतरा. तुमचा पेला कुठाय?"

"प्यालो, बाई. भाषणाच्या आधीच."

"म्हणजे युद्ध तू पुकारलंस आणि उपास तिच्या बहिणीला."

मग आठवडाभर शाळा सुटली की तुमच्या घरच्या म्हशीचं दूध तांब्यात घेऊन मी राजोडीपर्यंत चालत जायचो. त्या मुलीची आई दारात जाळं विणत बसलेली असायची. मला बघून आत हाक मारायची, "अगं ये, भाषनवाला आलाय! आज काय बोलतोय बघ." मी तांब्या ठेवून पळायचो.

एवढ्याने मी सुधारलो असं तुम्हाला वाटलं असेल. बाई, मी फक्त वाचायला लागलो. पुस्तकं म्हणतात, ते युद्ध थंड होतं, दोन महासत्ता एकमेकींशी थेट लढल्याच नाहीत. खरंच आहे. कोरियात, अंगोलात, अफगाणिस्तानात दुसऱ्यांची पोरं मेली, म्हणून त्यांचं युद्ध थंड राहिलं. हे वाक्य मी शंभर सभांत म्हटलंय आणि दर वेळी ते मनापासून म्हटलंय. आता एका महासत्तेचं नाव बदललंय, हाव तीच आहे, आणि आखातात त्या पुन्हा समोरासमोर आल्यात. म्हणून गेल्या महिन्यात विरारच्या सभेत मी गरजलो, की या वेळी आपण बाजू घेतलीच पाहिजे, मागे सरणारे भेकड, आणि त्यासाठी काही घरांतले दिवे विझले तरी चालतील.

माझा मुलगा तेलाच्या जहाजावर इंजिनियर आहे. चार दिवसांपासून त्याचं जहाज आखाताच्या तोंडाशी नांगरून उभं आहे. पुढे दोन्हीकडच्या युद्धनौका आहेत. मी दिवसभर फोन पालथा ठेवतो, उलटा करतो, परत पालथा ठेवतो. सून काल चहा ठेवून समोर उभी राहिली आणि तिने मोबाईल पुढे केला. तिच्या माहेरच्या ग्रुपवर माझ्याच भाषणाचा तुकडा फिरत होता.

"पप्पा, कुठल्या घरांतले दिवे?" तिने विचारलं.

मी चहा प्यायलो. कडक झाला होता.

आज दुपारी मुलाचा आवाज आला, तुटक तुटक. "पप्पा, कॅप्टन म्हणतोय, ज्याला पुढे यायचं नसेल त्याने लिहून द्यावं, उतरवतो. संध्याकाळपर्यंत सांगायचंय. इथे कोणी पहिला हात वर करत नाहीये. तुम्ही काय म्हणता?" मग स्वतःच हसला. "तुम्ही तर म्हणाल, भेकड!"

स्वयंपाकघरात सून भांडी घासायची थांबली होती. मला एक सबंध भाषण पाठ होतं, बाई, इतिहासाने भरलेलं. ते बाजूला ठेवलं.

"उतर," मी म्हणालो. "आत्ता जाऊन लिहून दे. पहिला हात तुझा."

"नक्की ना?"

"नक्की."

हे पत्र कुठे टाकणार? माझ्याच पुस्तकांत दाबून ठेवीन. रविवारी वसईत पुन्हा सभा आहे, मंडप उभारलाय, आणि मी अजून नकार कळवलेला नाही. पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. फोन ठेवण्याआधी मुलगा म्हणत होता, की इंजिन बंद राहू शकत नाही, उतरणाऱ्याच्या जागी कंपनी दुसरा माणूस चढवते. तो कोण, कुठल्या गावचा, हे मुलगा सांगतच होता.

मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, आवाज नीट येत नाहीये.

आवाज स्पष्ट येत होता.